एकाच घरात तीन खोकले आणि तिघांना एकच बाटली?

भांडुपकरीण
नमस्कार मंडळी. आमच्याकडे दिवाळीपासून घरात खोकल्यांचा नुसता ऑर्केस्ट्रा चालू आहे. सासूबाई दिवसभर कोरडं खोकतात, घशात गुदगुल्या होतात म्हणतात, कफबिफ काही नाही. नवरा दिवसभर ठणठणीत, पण ऑफिसातून येऊन जेवून आडवा झाला की ह्याची ढास सुरू. आणि मुलगा (पहिलीत आहे) पहाटे तीन-चारच्या सुमारास झोपेतच खोकायला लागतो, शिवाय खाली पकडापकडी खेळून वर आला की खोकतोच. ताप कोणालाच नाही.

कोपऱ्यावरच्या केमिस्टने तिघांना एकच लाल बाटली दिली, मुलाला अर्धं झाकण, मोठ्यांना दोन झाकणं. बाटली संपली, खोकला जिथल्या तिथे. शेजारच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, पाडकाम झालं, आता खोदकाम, त्यामुळे जो येतो तो म्हणतो धुळीने होतंय. पण मग धूळ एक आणि खोकले तीन वेगळ्या वेळचे, हे कसं काय? खोकल्यावरून कारण कळतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शुभाची_फोडणी
अगं आलं, गवती चहा, तुळस, चार मिरी, दोन लवंगा आणि जेष्ठमधाची काडी टाकून काढा कर, पाणी निम्मं होईपर्यंत आटव आणि तिघांना सकाळ-संध्याकाळ दे. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच चालतं. झोपताना हळद-दूध.

लोअरपरळ_लोकल
रुमाल टाकून ठेवतोय. आमच्या ऑफिसात एसीखाली बसणारे सगळेच खोकतात.

कट्ट्यावरचा_अण्णा
मुंबईत राहायचं तर खोकायचंच. थंडी पडली की वारा पडतो, समुद्रावरची हवा येत नाही, सगळी धूळ आणि धूर खालीच अडकून राहतो. सकाळी टेरेसवर गेलं तर समोरचा टॉवर दिसत नाही आणि लोक म्हणतात काय मस्त धुकं पडलंय!

खडूस_डॉक्टर
धागाकर्तीचा प्रश्न आवडला. केमिस्ट, शेजारी आणि बरेचदा आमचे डॉक्टर बंधूसुद्धा 'कोरडा की ओला' एवढंच विचारून मोकळे होतात. ते विचारायला हवंच, पण त्याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे किती आठवडे झाले, दिवसाच्या कुठल्या वेळी येतो आणि कशाने सुरू होतो. नुसता आवाज ऐकून निदान करणारा डॉक्टर फक्त सिनेमात.

आधी कालावधी. मोठ्या माणसात ३ आठवड्यांच्या आतला खोकला बहुतेक वेळा सर्दी-फ्लू अशा व्हायरल इन्फेक्शनचा. ३ ते ८ आठवडे असेल तर बहुतेक वेळा इन्फेक्शन होऊन गेलंय पण श्वासनलिकेचं अस्तर अजून चिडलेलं आहे, म्हणजे वास, धूर, थंड हवा, जोरात हसणं, काहीही निमित्त पुरतं. ८ आठवड्यांच्या पुढे गेला की तो जुनाट, त्याचं कारण शोधावंच लागतं. मुलांमध्ये ही मर्यादा ४ आठवड्यांवरच येते. (हे हिशेब फक्त कालावधीचे. टीबीच्या तपासणीसाठी एवढं थांबायचं नसतं.) आणि साध्या सर्दीनंतरचा खोकला सरासरी अडीच आठवडे चालतो, लोकांना वाटतं आठवड्यात थांबायला हवा, म्हणून आठव्या दिवशी माझ्या दारात 'डॉक्टर, स्ट्राँग काहीतरी द्या' म्हणून उभे असतात.

आता तुमच्या घरचे. न तपासता सांगतोय त्यामुळे ह्याला निदान समजू नका, तिघांनाही प्रत्यक्ष दाखवा.

सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे का? असेल तर पाकिटावरचं औषधाचं नाव इथे लिहा, कंपनीचं नको. खाली बारीक अक्षरात असतं ते.

नवऱ्याचं जेवण आणि झोप ह्यात किती अंतर असतं?

मुलाला, किंवा घरात कोणाला, ॲलर्जी, सतत शिंका, त्वचेवर चट्टे, दमा असं काही?

भांडुपकरीण
डॉक्टर, पाकीट बघितलं, रॅमिप्रिल लिहिलंय. उन्हाळ्यात गोळी बदलून दिली होती त्यांना. पण खोकला तर दिवाळीपासून आहे हो, गोळी आधीची.

नवऱ्याचं विचारू नका. ऑफिस बीकेसीत, शिफ्ट संपवून घरी यायला साडेअकरा, गरम गरम जेवायचं आणि मोबाईल घेऊन तिथेच आडवं व्हायचं. छातीत जळजळ वगैरे काही नाही म्हणतो, फक्त सकाळी उठल्यावर आवाज बसलेला असतो आणि सारखा खाकरत असतो.

माझ्या माहेरी बाबांना दमा होता. मुलाला लहानपणी कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे चट्टे यायचे, आता कमी आहेत.

खडूस_डॉक्टर
छान, अर्धं काम झालं.

रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल अशी शेवटी 'प्रिल' असलेली बीपीची औषधं एसीई इनहिबिटर गटातली. ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य शरीरात मोडून टाकणारं एन्झाइम ह्या औषधांनी अडतं, ते द्रव्य साठतं आणि खोकल्याच्या नसा हुळहुळ्या होतात. कोरडा, घशात गुदगुल्या करणारा, कशानेही न थांबणारा खोकला. बायकांमध्ये जास्त दिसतो. आणि गोळी सुरू केल्यावर लगेचच यायला हवा असं अजिबात नाही, काही जणांना काही महिन्यांनी सुरू होतो, म्हणून कोणाच्या डोक्यातच येत नाही. त्यावर जगातलं कुठलंही सिरप चालत नाही. पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ज्यांनी दिली त्यांना सांगा, ते बहुतेक टेल्मिसार्टन, लोसार्टन अशा 'सार्टन' गटातलं काहीतरी देतील, त्यात हा त्रास क्वचितच होतो. बदलल्यावरही खोकला जायला १ ते ४ आठवडे, कधीकधी ३ महिने लागतात, तेव्हा तिसऱ्या दिवशी 'फरक नाही' म्हणून परत जाऊ नका.

नवरोबांचं लक्षण पित्त वर येण्याचं वाटतंय. जळजळ नसतानाही होतं हे. पोटातलं आम्ल अन्ननलिकेतून वर घशापर्यंत येतं, सकाळी आवाज घोगरा, सतत खाकरणं, आडवं झाल्यावर ढास. जेवण आणि झोप ह्यात २-३ तासांचं अंतर पाहिजे आणि पलंगाची डोक्याकडची बाजू पायांखाली विटा लावून साधारण ६ इंच वर. उशांवर उशा रचून उपयोग नाही, त्याने मान वाकते आणि पोट दाबलं जातं.

मुलगा मात्र लवकर दाखवा. पहाटे येणारा, खेळल्यावर येणारा, घरात दमा, अंगावर चट्टे. हा दमा असू शकतो. शिट्टीसारखा आवाज आलाच पाहिजे असं नाही, काही मुलांचा दमा फक्त खोकला बनूनच येतो.

शुभाची_फोडणी
दमा?? अहो एवढ्याशा पोराला लगेच इनहेलर लावणार का आता? आयुष्यभराची सवय लागते त्याने. काढा देऊन बघा आधी.

खडूस_डॉक्टर
शुभाताई, सवय लागत नाही. रोजच्या इनहेलरमधल्या स्टेरॉइडचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि तो थेट फुप्फुसात जातो, तेच औषध तोंडाने दिलं तर मिलिग्रॅममध्ये द्यावं लागतं आणि सगळ्या अंगात फिरतं. लहान मुलाला स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) लावून द्यायचं आणि नंतर चूळ भरायला लावायची, नाहीतर तोंडात पांढरा बुरा येतो. आईवडील काय करतात, तर निळा पंप तेवढा जवळ ठेवतात कारण त्याने लगेच बरं वाटतं, आणि रोज घ्यायचा असतो तो 'आता बरा आहे' म्हणून कपाटात. निळा फक्त आकसलेली नळी थोडा वेळ सैल करतो, आतली सूज तशीच राहते.

आणि अजून एक, सासूबाईंना जेष्ठमध देऊ नका. जेष्ठमध जास्त दिवस घेतलं तर बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम कमी होतं. बीपीच्या पेशंटचा काढा त्या काडीशिवाय. बाकीच्या काढ्याला माझी हरकत नाही, मी स्वतः पितो.

शुभाची_फोडणी
हे माहीत नव्हतं. माझ्या सासूबाईंनाही बीपी आहे, काडी बाजूला ठेवते. पण मध तरी देऊ शकतो ना सगळ्यांना?

खडूस_डॉक्टर
एक वर्षाच्या वरच्यांना खुशाल. मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर झोपताना चमचाभर मध बाटलीतल्या बऱ्याच सिरपांपेक्षा बरा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र एक थेंबही नाही, बोट बुडवून चाटवायचंही नाही. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि स्नायू लुळे पडतात. बारशाला जमलेल्या आज्यांना हे सांगायला फार धैर्य लागतं.

कांदेपोहे_ठाणे
माझा खोकला ओला आहे, बेडका हिरवा पडतो. हिरवा म्हणजे इन्फेक्शन, म्हणजे ॲन्टिबायोटिक लागणारच ना? मी तीन गोळ्यांचा कोर्स आणून ठेवलाय.

केमिस्ट_बाय_बर्थ
तीन गोळ्यांचा कोर्स म्हणजे ॲझिथ्रो. वडिलांच्या दुकानात बसायचो तेव्हापासून बघतोय, लोक नाव घेऊन मागतात, चिठ्ठी विचारली तर पुढच्या दुकानात जातात. म्हणून बरेच जण विचारतच नाहीत.

खडूस_डॉक्टर
@कांदेपोहे, हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. त्यांच्यात हिरवट एन्झाइम असतं, त्या लढायला जमल्या की कफ हिरवा-पिवळा होतो, मग समोर बॅक्टेरिया असो नाहीतर व्हायरस. नुसत्या रंगावर ॲन्टिबायोटिक ठरत नाही. ताप चढता आहे का, धाप लागते का, छातीत एका जागी दुखतं का, बरं वाटता वाटता पुन्हा बिघडलं का, हे बघावं लागतं. गोळ्या दुकानात परत करून टाका, घेतील तर.

कांदेपोहे_ठाणे
ताप नाही, धापही नाही. पण सकाळी उठल्यावर नाकातून मागे घशात काहीतरी उतरल्यासारखं वाटतं.

खडूस_डॉक्टर
मग खोकला घशातून नाही, नाकातून चालू झालाय. सर्दी किंवा सायनसचा स्राव मागून उतरतो. मिठाच्या पाण्याने नाक धुवा, पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या, थेट नळाचं नको. नाकातून आत शिरणारा अमीबा दुर्मिळ असतो पण जीवघेणा.

कट्ट्यावरचा_अण्णा
अवांतर: मला कान साफ करताना खोकला येतो. बायको म्हणते नाटकं.

खडूस_डॉक्टर
अण्णा, वहिनींना सांगा नाटक नाही. फुप्फुसांकडून मेंदूकडे खोकल्याचा निरोप नेणारी व्हेगस नस आहे ना, तिची एक फांदी कानाच्या नळीत असते. काही लोकांचा कान डिवचला की खोकला येतो. कानात मळाचा खडा बसून महिनोन् महिने खोकणारे पेशंट मी बघितलेत. काडी घालणं मात्र बंद करा.

कट्ट्यावरचा_अण्णा
स्क्रीनशॉट काढला. आता घरी माझी इज्जत वाढणार.

दादरची_चिमणी
कबुतरांचं कोणीच कसं काढलं नाही? माझ्या काकूंच्या बेडरूमच्या एसीच्या युनिटमागे कबुतरांनी घरटं केलं होतं, विष्ठेचा थर होता नुसता. त्यांना कोरडा खोकला, मग एक जिना चढला की धाप, सगळे म्हणायचे वय झालं. शेवटी एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) काढला तर हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस. फुप्फुसाचा काही भाग कायमचा कडक झालाय, आता घरात ऑक्सिजनचं मशीन आहे. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्री टाकून बंद केला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, त्यांना आमच्या घरी आणून ते मशीन दाखवायला हवं होतं.

सोबतीण_गिरगाव
मुक्या जनावरांना उपाशी मारायचं का मग? शंभर वर्षं लोक दाणे घालतायत, तेव्हा कोणी नाही खोकलं ते.

दादरची_चिमणी
खोकले असतील, एचआरसीटी नव्हता.

लोअरपरळ_लोकल
कबुतरांवर वेगळा धागा काढा लोकहो, इथे तीनशे प्रतिसाद होतील आणि खोकला बाजूला राहील.

खडूस_डॉक्टर
एवढंच सांगतो आणि हा विषय सोडतो. ह्या आजारात पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीतल्या प्रथिनांची फुप्फुसाला ॲलर्जी होते. सगळ्यांना होत नाही, म्हणून 'आम्हाला कुठे काय झालं' हा युक्तिवाद चालत नाही. लवकर कळलं आणि कबुतरं लांब केली तर बरंचसं सावरतं, व्रण पडले की ते परत जात नाहीत. खिडकीची जाळी आणि सुकी विष्ठा न झाडता ओली करून, मास्क लावून काढणं, एवढं तरी करा.

दवाखान्यातली_ताई
मी महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होते, आता रिटायर आहे. धागा वाचतेय पण ज्याची वाट बघत होते ते अजून कोणी नीट काढलेलं नाही, म्हणून लिहितेय. मुंबईत २ आठवड्यांच्या वर खोकला गेला की टीबीची तपासणी करून घ्यायची, मग तुम्ही चाळीत राहा नाहीतर टॉवरमध्ये. संध्याकाळी अंगात बारीक कसकस, रात्री घाम, वजन उतरणं, भूक जाणं, थुंकीत रक्त, ह्यातलं काहीही जोडीला असेल तर उद्याच जा. तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट असतात.

लोकांना वाटतं टीबी म्हणजे रक्त ओकणारा माणूस. तसा आला तर फार उशीर झालेला असतो. आमच्याकडे यायचे ते 'सिगारेटचा खोकला आहे', 'धुळीचा आहे', 'कामाच्या जागी एसी आहे' असं सांगत यायचे.

एक_वाटाण्या
ताई, तुमचा प्रतिसाद वाचून लिहितोय, नाहीतर लिहिणार नव्हतो. मी घाटकोपरला चौघांत खोली शेअर करतो. आमच्यातला एक जण सप्टेंबर संपल्यापासून खोकतोय, सिगारेट ओढतो म्हणून आम्ही त्यालाच शिव्या घालायचो. आता पँटच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलंय. संध्याकाळी अंग गरम लागतं त्याचं पण सकाळी नॉर्मल, म्हणून कामावर जातो. तो म्हणतो तपासलं आणि निघालं तर मालक खोली खाली करायला लावेल.

दवाखान्यातली_ताई
बाळा, उद्या सकाळी घेऊन जा त्याला. जवळच्या महापालिका दवाखान्यात किंवा 'आपला दवाखाना' असतो तिथे, कुठेही जा, ते पुढचं सांगतील. झाकणाची डबी देतात थुंकीसाठी. एक नमुना तिथेच घेतात, दुसरा सकाळी उठल्या उठल्या घरून आणायचा.

नमुना कसा द्यायचा ते नीट सांग त्याला, कारण निम्मे लोक तिथेच फसतात. पाण्याने चूळ भरायची. मोकळ्या हवेत, खिडकीपाशी किंवा गच्चीत उभं राहायचं, बाकीचे समोर नकोत. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा, थोडा रोखायचा आणि पोटातून जोर लावून खोकायचं. जो घट्ट बेडका येतो तो डबीत. पातळ, फेसाळ, पाण्यासारखं असेल तर ती तोंडातली लाळ, त्यात जंतू सापडत नाहीत, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि माणूस खूश होऊन घरी जातो. मी डब्या उजेडात धरून बघायचे आणि परत पाठवायचे, लोक चिडायचे, चिडू दे. झाकण घट्ट लावायचं, बाहेरून सांडलं असेल तर पुसायचं.

हल्ली सीबीनॅट नाहीतर ट्रूनॅट मशीनवर लावतात, काही तासांत कळतं आणि रिफॅम्पिसिन ह्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही तेही कळतं. मुंबईत हे फार महत्त्वाचं आहे, इथे औषधाला न जुमानणारा टीबी बराच आहे, शिवडीचं टीबीचं हॉस्पिटल बघितलं की कळतं.

आणि खिडकी उघडी ठेवा खोलीची. चौघं झोपता, पंखा आणि बंद खिडकी नको.

एक_वाटाण्या
खिडकीबाहेर नाला आहे ताई, डासांमुळे बंदच असते, आतमध्ये कॉइल. पण उघडतो.

खडूस_डॉक्टर
कॉइल विझवा आणि जाळी नाहीतर मच्छरदाणी लावा. एक कॉइल जळताना जेवढे बारीक कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असतात, मोजून काढलेलं आहे हे. बंद खोलीत चौघं, वर सिगारेट, वर कॉइल. खोकणाऱ्याचं सोडा, बाकीच्या तिघांचंही कठीण आहे.

चेंबूर_आई
लहान बाळांचं कोणी सांगाल का? माझं पिल्लू १० महिन्यांचं आहे, नाक गळतंय, खोकतंय, आणि ते सिरपचं प्रकरण वाचल्यापासून काही द्यायची हिंमत होत नाही.

माजी_गिरणगावकर
सिरपचं प्रकरण नवीन नाही हो. १९८६ साली जे.जे. हॉस्पिटलमध्ये ग्लिसरीनमधून विषबाधा होऊन १४ पेशंट गेले होते, त्यात हेच डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन निघालं होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, पेपरात महिनोन् महिने बातम्या होत्या. आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला परत तेच, खोकल्याच्या औषधातून वीसच्या वर मुलं गेली. औषधाऐवजी स्वस्तातला इंडस्ट्रियल माल, मूत्रपिंडं निकामी. एवढ्या वर्षांत काय शिकलो आपण!

खडूस_डॉक्टर
@चेंबूर_आई, हिंमत होत नाही ते बरंच आहे. २ वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची सिरपं द्यायचीच नाहीत असं केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानेही छिंदवाड्यानंतर बजावलंय, आणि ५ वर्षांपर्यंतही शक्यतो नकोत. बाळाचा साधा खोकला बंद करायचा नसतो, कफ बाहेर काढायचं ते एकच साधन त्याच्याकडे आहे. नाकात सलाइनचे थेंब, अंगावरचं दूध चालू, थोडं थोडं पातळ. वाफारा नको, गरम पाण्याचं पातेलं सांडून भाजलेली मुलं आम्ही बघतो.

तुम्ही मोजायचा तो श्वास. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. २ महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, दूध पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर धागा बंद करा आणि हॉस्पिटलला निघा.

मुलांच्या खोकल्यात आवाजाला थोडी किंमत आहे, तेही सांगतो. रात्री अचानक कुत्रा भुंकल्यासारखा खोकला आणि आत श्वास घेताना घर्र आवाज, तो क्रूप, स्वरयंत्राजवळ सूज असते. लगेच दाखवायचं, बऱ्याचदा स्टेरॉइडच्या एका डोसवर उतरतो. खोकून खोकून तोंड लाल, मग श्वास ओढताना हूप, शेवटी उलटी, तो डांग्या खोकला. अगदी लहान बाळं हूपही करत नाहीत, नुसती श्वास घ्यायची थांबतात. लस दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना झाली ना? बूस्टर दीड ते दोन वर्षांत आणि परत ५-६ वर्षांना, तो दुसरा लोक विसरतात.

आणि ठणठणीत मूल खेळता खेळता, खाता खाता एकदम खोकायला लागलं आणि मग खोकला गेलाच नाही, तर श्वासनलिकेत काहीतरी गेलंय असं धरून चालायचं. बहुतेक वेळा शेंगदाणा. एक्स-रेत शेंगदाणा दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे क्लिअर आहे' वर समाधान मानू नका, डॉक्टरांना तो प्रसंग आठवणीने सांगा.

चेंबूर_आई
आत्ता झोपेत मोजले, ३८ आले. हुश्श. लशी सगळ्या झाल्यात. थँक्यू डॉक्टर.

लोअरपरळ_लोकल
रुमाल उचलतोय. आमच्या ऑफिसात एक जण आहे, मीटिंगमध्ये सारखा खोकतो, कॅन्टीनमध्ये एकदाही नाही. हा कुठला प्रकार? (हलके घ्या.)

खडूस_डॉक्टर
सवयीचा खोकला खरंच असतो, मुलांमध्ये जास्त. ओळख ही की झोप लागली की पूर्ण थांबतो. पण बाकी सगळं तपासून झाल्यावरच तसं म्हणायचं. आणि तुमच्या मीटिंगरूमची एसीची जाळी शेवटची कधी धुतली तेही विचारा.

माजी_गिरणगावकर
माझं पण विचारून घेतो. मला दिवसा काही नाही, उताणा झोपलो की खोकला आणि श्वास कोंडतो, उठून बसलं की बरं. संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ उठतात. पित्तच ना हे पण?

खडूस_डॉक्टर
काका, नाही. पायाला सूज आणि झोपल्यावर श्वास कोंडणं म्हणजे आधी हृदय बघायचं, हृदय कमकुवत झालं की फुप्फुसात पाणी साठतं. आजच फिजिशियनकडे जा, ईसीजी आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. रात्री जास्त धाप लागली किंवा फेसाळ गुलाबी थुंकी आली तर सकाळची वाट बघू नका. घरात कोणाला तरी हा प्रतिसाद दाखवा, स्वतःजवळ ठेवू नका.

माजी_गिरणगावकर
मुलाला दाखवला. तो रिक्षा बोलावतोय. बघतो.

एक_वाटाण्या
ताई, अपडेट. पहिल्या दिवशी त्याने लाळच दिली होती, तुम्ही सांगितलेलं वाचून दाखवलं, मग गच्चीत जाऊन नीट दिली. पॉझिटिव्ह आलाय, पण साधा टीबी आहे, रिफॅम्पिसिन लागू पडतंय. ६ महिने औषध सांगितलंय. काल लघवी केशरी झाली म्हणून घाबरून फोन केला मला. मालकाला अजून सांगितलेलं नाही.

दवाखान्यातली_ताई
केशरी होणारच, ते रिफॅम्पिसिन पोटात गेल्याची खूण आहे, घाबरू नका. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मास्क, खिडकी उघडी, खोकताना रुमाल. औषध नीट चालू असलं आणि जंतू औषधाला दाद देत असला की मग दुसऱ्याला लागायची भीती झपाट्याने कमी होते. भांडी वेगळी, ताट वेगळं असलं काही करू नका, टीबी ताटातून लागत नाही, हवेतून लागतो. तुम्ही तिघांनीही तपासून घ्या, टीबी नसला तर प्रतिबंधाच्या गोळ्या मिळतात. त्याचं बँक खातं जोडून घ्या, निक्षय पोषण योजनेत महिन्याला १००० रुपये येतात. दोन महिन्यांत वजन वाढतं, खोकला जातो, आणि नेमकं तेव्हाच पोरं गोळ्या सोडतात. तेव्हा लक्ष ठेव त्याच्यावर. मालकाला सांगायला धीर होत नसेल तर दवाखान्यातल्या आरोग्यसेविकेला घेऊन जा, आम्ही कित्येकदा असे मालक समजावलेत.

दादरची_चिमणी
ताई, __/\__

भांडुपकरीण
किती माहिती मिळाली. आमच्याकडचं सांगते. सासूबाईंची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली, खोकला आहे अजून पण फोनवर बोलताना मध्येच थांबावं लागत नाही आता. त्यांचा एक्स-रेही काढायला सांगितला, तो ठीक आला. मुलाची फुंकर मारायची टेस्ट झाली, तीन वेळा फुंकायला लावलं, औषध देऊन पुन्हा, दमाच निघाला. स्पेसर लावून रोजचा पंप चालू केलाय, त्याच्या दृष्टीने तो अंतराळवीराचा मास्क आहे. पहाटेचा खोकला कमी झालाय, पण खोदकामाच्या बाजूची खिडकी दिवसा बंदच ठेवतो आणि घरात झाडू ऐवजी ओलं फडकं.

अडलंय ते नवऱ्यापाशी. जेवणाचं जमवलं, डबा ऑफिसातच साडेआठला खातो, घरी आल्यावर फक्त ताक. पण पलंगाला विटा लावा म्हणता, आमचा बॉक्स बेड आहे, आत गाद्या, लोकरीचे कपडे आणि गणपतीचं मखर. त्याला पायच नाहीत, विटा लावू कुठे?

खडूस_डॉक्टर
मुंबईत हे प्रत्येकाचं असतं! गादीवाल्याकडून घट्ट फोमची उतरती उशी कापून घ्या, डोक्याकडे ६-७ इंच आणि कमरेकडे शून्यावर येणारी, पाठ पूर्ण तिच्यावर टेकली पाहिजे. आणि ताकसुद्धा झोपायच्या तोंडावर नको.

केमिस्ट_बाय_बर्थ
मऊ फोम घेऊ नका, महिन्यात दबतो. आमच्याकडे सुताराने प्लायची उतरण करून गादीखाली सरकवली, बॉक्स उघडायचा असेल तेव्हा काढून ठेवायची.

भांडुपकरीण
प्लायची आयडिया भारी आहे. मखर काढायच्या आत सुताराला बोलावते.